पार्श्वभूमी : यादी लागते, पुस्तके मिळत नाहीत

पुरस्कारांसाठी नामांकन झालेल्या पुस्तकांवर चालणाऱ्या ऑनलाइन बुक क्लबचा पहिला आठवडा बहुधा एकाच प्रश्नात जातो : पुस्तके मिळणार कुठून? लॉंगलिस्ट, म्हणजे परीक्षकांनी निवडलेली पहिली लांब यादी, जाहीर झालेली असते, गटात उत्साह असतो, आणि त्यातली एक-दोन पुस्तके अजून बाजारात यायचीच असतात. आणखी एखाद्याचे ई-बुक अर्ध्या सदस्यांच्या देशात विकायला परवानगी नसते. संयोजकाला वाटते, आपलेच नियोजन फसले. या अडचणीचे मूळ मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीच्या, १९७१ मधल्या एका निर्णयात आहे.

इंग्रजी कादंबरीसाठीचे ब्रिटनमधले बुकर पारितोषिक १९६९ मध्ये सुरू झाले तेव्हा ते आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला दिले जाई. दोनच वर्षांत नियम फिरला. पारितोषिक चालू वर्षातल्या पुस्तकाला द्यायचे ठरले आणि समारंभ एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये गेला. पुस्तक नवे असतानाच त्याच्यावर झोत पडला तर ते जास्त खपणार, हे सांगायला कुणी प्रकाशक लागत नाही. पण या अदलाबदलीत १९७० मध्ये आलेल्या बऱ्याच कादंबऱ्या मधल्या मध्ये अडकल्या. जुन्या नियमाने त्यांचा विचार पुढच्या वर्षी व्हायचा होता आणि पुढच्या वर्षी जुना नियमच उरला नाही. ही चूक निस्तरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २०१० मध्ये ‘हरवलेले बुकर’ म्हणून त्या वर्षाचे वेगळे पारितोषिक दिले गेले. तीन परीक्षकांनी सहा पुस्तके निवडली आणि अंतिम निकाल वाचकांच्या ऑनलाइन मतदानावर सोडला. ३८ टक्के मते मिळवून जिंकलेल्या कादंबरीचा लेखक १९७९ मध्येच वारला होता.

१९७१ च्या निर्णयाची चर्चा होते ती या हरवलेल्या वर्षापुरती. वाचनगटांच्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम जास्त टिकाऊ ठरला. आदल्या वर्षीचा नियम राहिला असता, तर यादी लागेपर्यंत पुस्तके ग्रंथालयांत पोचली असती, बऱ्याच शीर्षकांच्या स्वस्त पेपरबॅक आवृत्त्या निघाल्या असत्या आणि निम्म्या सदस्यांनी दोन-तीन पुस्तके आधीच वाचलेली असती. चालू वर्षाच्या नियमाने हे सगळे गेले. पुढे पात्रतेची मुदत आदल्या १ ऑक्टोबरपासून त्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत अशी धरली जाऊ लागली. लॉंगलिस्ट मात्र जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये लागते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छापून येणारे पुस्तक छापून येण्याआधीच यादीत असू शकते. परीक्षकांना त्याची प्रत आगाऊ मिळते. वाचकाला ती कुणी देत नाही.

२०१९ मध्ये हे टोकाला गेले. त्या वर्षीची शॉर्टलिस्ट, म्हणजे लॉंगलिस्टमधून निवडलेली सहा पुस्तकांची यादी, ३ सप्टेंबरला लागली आणि तिच्यातली सर्वांत गाजलेली कादंबरी १० सप्टेंबरला प्रसिद्ध झाली. मजकूर फुटू नये म्हणून परीक्षकांकडून गोपनीयतेचे करार करून घेतले होते. लॉंगलिस्ट वाचायला बसलेल्या गटांना एका पुस्तकाची जागा रिकामी ठेवूनच मत द्यावे लागले. पुढे याच कादंबरीला पारितोषिक विभागून मिळाले, तेही एकच विजेता निवडायचा असा नियम असताना. निकालावर जितकी टीका झाली, त्याच्या दहाव्या हिश्शानेही वेळापत्रकावर झाली नाही. उलट उदाहरण २०२४ चे. जिंकलेली कादंबरी अवघी १३६ पानांची होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्येच आलेली होती. गटांसाठी इतके सोयीचे वर्ष क्वचितच येते.

लॉंगलिस्टचे वय मुळात फार नाही. पहिली तीन दशके बुकरची फक्त शॉर्टलिस्ट बाहेर यायची. लॉंगलिस्ट २००१ मध्ये पहिल्यांदा जाहीर झाली. सुरुवातीच्या याद्या वीस-बावीस पुस्तकांच्या असत आणि ही संख्या कुठल्याही गटाला पेलणारी नव्हती. २००७ मध्ये ती १२-१३ वर आणली गेली. त्याच वर्षी ऑनलाइन विक्रीतल्या एका बड्या कंपनीचे ई-बुक वाचायचे यंत्र बाजारात आले, आणि वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवून त्यांवर गट चालवता येणारे एक संकेतस्थळही सुरू झाले. तीनही गोष्टी एका वर्षात जुळून आल्या, हा निव्वळ योगायोग. पण आज ज्याला नामांकनांचा ऑनलाइन बुक क्लब म्हणतात तो व्यवहारात तेव्हापासूनचा आहे. त्याआधीही इंटरनेटवर पुस्तकांच्या चर्चा होत्या आणि दूरचित्रवाणीवरच्या बुक क्लबने १९९६ पासून लाखो वाचक एका पुस्तकाभोवती जमवले होते. फक्त तिथे पुस्तक एक माणूस निवडत असे.

तेरा पुस्तकांचा हिशोबही तसा अवघडच. २०२४ मध्ये लॉंगलिस्ट ३० जुलैला लागली आणि शॉर्टलिस्ट १६ सप्टेंबरला. मध्ये ४८ दिवस, म्हणजे एका पुस्तकाला चार दिवससुद्धा नाहीत. त्यामुळे पुस्तके सदस्यांमध्ये वाटून घ्यायची, प्रत्येक पुस्तक निदान तिघांनी वाचायचे आणि मग गुण जुळवायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. शॉर्टलिस्टची सहाच पुस्तके घेणाऱ्या गटांना जवळजवळ दोन महिने मिळतात. २०१४ मध्ये बुकर सर्व देशांच्या इंग्रजी कादंबऱ्यांना खुले झाले, त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. गटांचे रोजचे काम त्याने फारसे बदलले नाही.

निकालाआधी नामांकने वाचून काढण्याच्या या खेळाला प्रत्येक पुरस्कार सोयीचा नसतो. नोबेलची नामांकने पन्नास वर्षे कुलपात असतात. अमेरिकेतल्या पुलित्झरचे अंतिम दावेदार १९८० पासून जाहीर होतात खरे, पण विजेत्याबरोबरच, त्यामुळे निकालाआधी वाचायला हातात काही नसते. पुलित्झरला शुल्क भरून कुणीही पुस्तक पाठवू शकतो, आणि नुसत्या पाठवण्याला ‘नामांकन’ म्हणणारी जाहिरात पाहून एखादे पुस्तक गटाच्या यादीत घुसल्याची उदाहरणे आहेत. आयर्लंडमधल्या डब्लिनचा साहित्य पुरस्कार १९९६ पासून ग्रंथालयांच्या शिफारशींवर चालतो. त्याची पुस्तके थोडी जुनी, म्हणून मिळायला सोपी. पण त्याची लॉंगलिस्ट बऱ्याच वर्षी शंभरीच्या पुढे गेली आहे.

अनुवादित पुस्तकांसाठीचे आंतरराष्ट्रीय बुकर २०१६ पासून दरवर्षी एकाच पुस्तकाला मिळू लागले आणि रक्कम लेखक व अनुवादक यांत निम्मी-निम्मी वाटली जाऊ लागली. इथे ताजेपणाची अट अनुवादाला असते, मूळ पुस्तक कितीही जुने चालते. २०२२ मध्ये जिंकलेली कादंबरी मूळ हिंदीत २०१८ पासून छापलेली होती. २०२५ मध्ये जिंकलेला कन्नड कथांचा संग्रह तर तीन दशकांतल्या लेखनातून निवडलेला. मूळ भाषा येणारे सदस्य गटात असले की ते यादी लागायच्या आधीच पुढे असतात आणि चर्चेत मूळ व अनुवाद शेजारी ठेवता येतात. वेळापत्रक वाचकांसाठी हलल्याचे मला माहीत असलेले ठळक उदाहरणही याच पुरस्काराचे. २०२० मध्ये दुकाने बंद होती, लोकांना शॉर्टलिस्टमधली पुस्तके मिळेनात, तेव्हा मे महिन्यातला निकाल २६ ऑगस्टवर गेला. बुक क्लब व्हिडिओ कॉलवर येण्याची मोठी लाटही त्याच वर्षीची.

वाचकांचे समांतर परीक्षक मंडळ ही पद्धतही अनुवादित पुस्तकांच्या यादीवरच २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला जोमाने रुजली. अधिकृत निकालाआधी आपला विजेता जाहीर करायचा, हा त्यांचा एकमेव कडक नियम. आता बुकरचे आयोजकही गटांना जवळ करू लागले आहेत : शॉर्टलिस्टची सहा पुस्तके, निवडलेले सहा बुक क्लब, प्रत्येकाला एक पुस्तक. निवडलेल्या गटांना प्रती मिळतात, बाकीचे आपापल्या मार्गाने मिळवतात. काही गटांनी वेगळा रस्ता धरला आहे. ते यंदाची लॉंगलिस्ट फक्त टिपून ठेवतात आणि वाचायला गेल्या वर्षीची घेतात, म्हणजे १९७१ च्या आधीचा नियम. पैज लावायची मजा त्यात जाते, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे, पण अशा गटांत तेराही पुस्तके सगळ्यांच्या हातात असतात.