पणजोबा खरंच आयसीएस होते का? सनदी आणि प्रांतिक नोकरीचा घोळ

आमच्याकडे कुठलंही लग्नकार्य असलं की पंगतीत कोणीतरी काका हमखास सांगणार, "आपले पणजोबा आयसीएस होते बरं का!" आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, इंग्रजांच्या काळातली सगळ्यात वरची सरकारी नोकरी. मीपण कॉलेजात हेच सांगत फिरलो. मग आजीची ट्रंक रिकामी करताना मुंबई सरकारच्या गॅझेटचं एक पिवळं पडलेलं कात्रण हाताला लागलं, त्यात दोन ओळीत अमक्यांची डेप्युटी कलेक्टर म्हणून नेमणूक केल्याचं छापलं होतं. डेप्युटी कलेक्टर हा शब्द वाचला आणि संपलं, कारण तिथे आयसीएसचा संबंधच येत नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही. पण आपल्यातल्या निम्म्या घरात तरी हाच घोळ असणार असं मला आता वाटायला लागलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी शब्दच बघा. आजही पेपरात आयएएसवाल्याला "सनदी अधिकारी" म्हणतात, आणि बहुतेकांना वाटतं की सनदी म्हणजे मोठी परीक्षा पास झालेला. तसं नाहीये. सनद म्हणजे करारनामा. (वकिलाची सनद वेगळी, इनामाची सनद वेगळी, त्यात आत्ता नको शिरायला.) ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कंपनीचे साहेब इकडे येऊन पगार थोडा नि नजराणे-व्यापार जास्त असं करायला लागले, तेव्हा कंपनीने त्यांच्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली की नजराणा घेणार नाही, खाजगी धंदा करणार नाही, हुकमात राहीन. ज्याने असा कागद लिहून दिला तो सनदी नोकर, बाकीचे सगळे बिनसनदी. म्हणजे मूळ भानगड परीक्षेची नव्हतीच, आपण ज्याला सर्व्हिस काँट्रॅक्ट म्हणतो त्याची होती. परीक्षा फार नंतर आली. आधी कंपनीचे डायरेक्टर आपल्या ओळखीतल्या पोरांची नावं द्यायचे, ती पोरं इंग्लंडमधल्या हेलीबरीच्या, कंपनीच्याच कॉलेजात शिकायची आणि बोटीत बसायची. लंडनमधली पहिली खुली स्पर्धा परीक्षा १८५५ ची.

कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, पण तो कागद राहिला, फक्त समोरची पार्टी बदलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयसीएसची परीक्षा पास होणारा पोरगा लगेच साहेब व्हायचा नाही, तो व्हायचा प्रोबेशनर. मग विलायतेतच राहून इंडियन पीनल कोड, पुराव्याचा कायदा, हिंदुस्थानचा इतिहास आणि ज्या प्रांतात जायचं तिथली भाषा, शिवाय घोडेस्वारी. घोडेस्वारीला हसू नका, अरविंद घोष बाकी सगळ्यात पास होऊन त्या एका टेस्टपायी राहिले आणि नंतर बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत आले. हे सगळं पार पडलं की शेवटी सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया, म्हणजे लंडनमधला हिंदुस्थानचा मंत्री, त्याच्याबरोबरच्या करारावर सही. ती झाली की माणूस सनदी.

सुभाषबाबूंची गोष्ट आपण "आयसीएसला लाथ मारली" अशी सांगतो ती नीट बघितली तर हेच दिसतं. १९२० च्या परीक्षेत ते चौथे आले, आणि २२ एप्रिल १९२१ ला त्यांनी तेव्हाचे हिंदुस्थानमंत्री माँटेग्यू यांना जे पत्र लिहिलं त्यात प्रोबेशनरांच्या यादीतून माझं नाव काढा अशी मागणी आहे. आणि तोपर्यंत मिळालेला १०० पौंड भत्ता राजीनामा मंजूर झाला की परत करतो असंही लिहिलंय. म्हणजे परीक्षा झालेली होती, साहेब व्हायचं बाकी होतं.

आता दुसरी बाजू, डेप्युटी कलेक्टरची. सरकारी नोकऱ्यांचा विचार करायला नेमलेल्या १८८६-८७ च्या एचिसन कमिशनने सांगितलं की हे सनदी-बिनसनदी शब्द टाकून द्या, बिनसनदी म्हणणं त्या लोकांना कमीपणाचं वाटतं, त्याऐवजी वरची इम्पीरियल, मग प्रांतिक म्हणजे प्रोव्हिन्शियल, आणि खाली सबॉर्डिनेट अशा तीन पायऱ्या करा. डेप्युटी कलेक्टर प्रांतिक नोकरीत, मामलेदार त्याच्याखाली सबॉर्डिनेटमध्ये. शब्द गेले पण वस्तुस्थिती तीच. प्रांतिकवाल्याला नेमणारा मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल, लंडनशी त्याचा काही करार नाही. आणि भरतीला खुली स्पर्धाही नाही. बंगालकडे काही वर्षं अशी परीक्षा होती पण कर्झनच्या काळात १९०४ ला ती पद्धतच बंद केली. आपल्याकडे एक तर बीए झालेला, चांगल्या घरातला, कोणीतरी शिफारस केलेला तरुण सरकार निवडणार, नाहीतर अव्वल कारकून, मामलेदार असं करत करत केस पिकल्यावर माणूस डेप्युटी होणार.

मग घरोघरी "पणजोबांनी मोठी परीक्षा दिली होती" असं सांगतात ते काय खोटं? नाही, तेही खरंच. ती खात्याची परीक्षा. नोकरीत शिरल्यावर लोअर स्टँडर्ड, मग हायर स्टँडर्ड, त्यात कायदे, महसुलाचे नियम, तिजोरीचे हिशेब. ती पास झाल्याशिवाय बढती नाही. आणि गंमत म्हणजे विलायतेहून आलेल्या कोवळ्या आयसीएस साहेबालाही इथे येऊन खात्याची परीक्षा द्यावीच लागायची, आपली भाषा धरून. त्यामुळे दोघांच्याही चरित्रात "परीक्षा पास झाले" हे वाक्य येतं, आणि तिथेच नातवंडं फसतात. एक परीक्षा नोकरी मिळवायची, दुसरी नोकरीत टिकायची.

फसायचं अजून एक कारण म्हणजे खुर्ची. मुंबई इलाख्यात प्रांतसाहेब म्हणजे दोन-चार तालुक्यांचा मालक, सहा-सहा महिने तंबू घेऊन फिरतीवर, पुढे पट्टेवाला, मागे दप्तराची गाडी, चावडीवर पाटील-कुलकर्णी हात जोडून उभे. आता या प्रांताच्या खुर्चीत चोवीस-पंचवीस वर्षांचा गोरा असिस्टंट कलेक्टरही बसायचा आणि पन्नाशीचा आपला डेप्युटी कलेक्टरही बसायचा, काम तेच, जमाबंदी तीच, गावकऱ्याच्या लेखी दोघेही प्रांत. पण त्यातला असिस्टंट ४०० रुपयांवर सुरू होऊन दोन हजाराच्या वरच्या कलेक्टरीकडे चाललेला असायचा आणि डेप्युटी जिथे पोचायचा होता तिथे पोचलेला असायचा. मला स्वतःला हे सगळ्यात खुपतं. तोच शेतसारा, तेच ऊन, आणि ज्याला तालुक्यातला प्रत्येक ओढा माहीत त्याने ज्याला "जमाबंदी" उच्चारता येत नाही त्याला सलाम करायचा.

पेन्शनीत तर उघडच फरक. आयसीएसवाला २५ वर्षं नोकरीत, त्यातली २१ प्रत्यक्ष कामाची, अशी भरली की वर्षाला १००० पौंड घेऊन घरी. तेव्हाच्या भावाने पौंडाला १५ रुपये, म्हणजे १५,००० रुपये वर्षाला, पौंडात, भाव पडला तरी चिंता नाही. प्रांतिकवाल्याची पेन्शन रुपयात, आणि पूर्ण नोकरी झाली तरी पगाराच्या निम्म्यापर्यंत.

कराराचा अर्थ कळायचा असेल तर पुण्याचं क्रॉफर्ड प्रकरण बघावं. थोडं आधीचं आहे, १८८८ चं, पण यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मुंबईत मार्केट आहे तोच, मध्य भागाचा कमिशनर होता, कर्जात बुडालेला, आणि मामलेदारांकडून बदली-बढतीसाठी पैसे घेतो असा आरोप झाला. ज्या मामलेदारांनी पैसे दिले म्हणून साक्ष दिली त्यांना सरकारने अभयवचन दिलेलं. शेवटी क्रॉफर्डवर लाचेचा आरोप शाबीत झाला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून उसने पैसे घेतल्याबद्दल नोकरी गेली. आणि साक्ष देणारे मामलेदार? अभयवचन असूनही त्यांच्यातल्या काहींना काढलं, टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली ती याचसाठी. साहेबासाठी कमिशन बसलं, लंडनपर्यंत कागद गेले, आणि ज्यांच्याकडे सरकारने दिलेला नुसता शब्द होता ते मधल्यामध्ये चिरडले.

मग आपले लोक सनदीत का जात नव्हते, हुशारी नव्हती का? होती की. लंडनचा खर्च, समुद्र ओलांडायचा, घरचे रडणार, आणि पेपरही त्यांच्या सोयीचे, १८५५ ला ग्रीक आणि लॅटिनला ७५०-७५० मार्क आणि संस्कृतला ३७५. शिवाय वयाचा घोळ. १८६९ ला आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी पास झाले तर दोघांची नावं वयाच्या कारणावरून काढली, कारण आपल्याकडे "सोळावं लागलं" की सोळा सांगतात आणि साहेब पूर्ण झालेली वर्षं मोजणार! सुरेंद्रनाथ कोर्टात गेले तेव्हा दोघांची नावं परत लागली. परीक्षा इथेही घ्या ही मागणी दादाभाईंच्या काळापासूनची, १८९३ ला पार्लमेंटात तसा ठरावही झाला आणि तो गुंडाळून ठेवला. सरकारी नोकऱ्यांवरच्या १९१२ च्या इस्लिंग्टन कमिशनवर गोखले होते, पण रिपोर्ट बाहेर येईपर्यंत ते राहिले नव्हते. इथली पहिली परीक्षा झाली १९२२ ला, अलाहाबादला. त्याआधीच महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख लंडनला जाऊन १९१८ च्या परीक्षेत पहिले आले होते, हे आपल्याला पाठच असतं.

देशमुखांवरून आठवलं, ते मध्य प्रांत-वऱ्हाडात गेले, आणि नागपूर-अमरावतीकडच्या लोकांनी इथे जास्त सावध राहायला हवं. तिकडे डेप्युटी कमिशनर म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा प्रमुख, आपल्याकडच्या कलेक्टरच्या जागी, त्यामुळे तिथला "डेप्युटी" बहुधा आयसीएसच. आपल्या डेप्युटी कलेक्टरच्या बरोबरीचा तिकडे एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, म्हणजे ईएसी. नुसतं डेप्युटी ऐकून कोणाला खाली किंवा वर ढकलू नका. आणि उलटा घोळपण आहे, काही जागा "लिस्टेड" म्हणून प्रांतिकवाल्यांना राखून होत्या, त्यावर चढलेला माणूस खराखुरा कलेक्टर व्हायचा, पगार साधारण दोन तृतीयांश, आणि नावापुढे आयसीएस मात्र नाही. त्यामुळे घरात "कलेक्टर होते" असं सांगत असतील तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. जुन्या पत्रावर किंवा दारावरच्या पाटीवर नावापुढे ती तीन अक्षरं आहेत का बघा, आणि नावाआधी रावसाहेब किंवा रावबहादूर असेल तर पणजोबा बहुतेक प्रांतिकच, कारण त्या पदव्या त्यांच्यासारख्यांच्याच वाट्याला यायच्या.

तो करार किती चिवट होता बघा, १९४७ नंतरही राज्यघटनेत ३१४ वं कलम घालून जुन्या आयसीएसवाल्यांच्या अटी सांभाळल्या, ते कलम निघालं १९७२ च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीत. आजच्या आयएएसवाल्याने कुठल्याही मंत्र्याशी असा करार केलेला नसतो, तरी पेपरवाले त्याला सनदीच म्हणतात.

आमच्या पणजोबांच्या फोटोखाली रावसाहेब असं लिहिलेलं आहे. इतकी वर्षं समोर होतं, कोणी वाचलंच नाही. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, काका पंगतीत बसतील, आणि मी बहुतेक गप्प बसून जिलबी खाईन.