थंडी कधी येणार? आधी काश्मीरात काय चाललंय ते बघा

डिसेंबर आला की मोबाईलच्या अ‍ॅपवर उद्याचं मिनिमम किती एवढाच आकडा आपण बघतो, पण एवढ्या मोठ्या देशात पुढच्या तीन दिवसांत थंडी कुठे वाढणार नि कुठे कमी होणार हे कळायला तो आकडा फारसा कामाचा नाही, त्यापेक्षा पश्चिमी झंजावात कुठवर आलाय ते बघावं. हे झंजावात म्हणजे पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतात, खूप उंचावरच्या जेट वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान करत काश्मीर-हिमाचलला धडकतात, हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. सॅटेलाइटवर ते आधीच दिसतात म्हणून 72 तासांपर्यंतचा अंदाज हिवाळ्यात बऱ्यापैकी जमतो. पावसाळ्यात कुठल्या तालुक्यात ढग कोसळेल ते सांगणं त्यापेक्षा कितीतरी अवघड.

आता गंमत अशी की झंजावात येतो तेव्हा थंडी कमी होते! डोंगरात बर्फ पडत असतो, पण पंजाब-दिल्लीवर ढग असतात आणि ढग म्हणजे रात्रीची गोधडीच, जमिनीची ऊब ते वर निसटू देत नाहीत, त्यामुळे मिनिमम दोन-चार डिग्री वर जातं. लोकांना वाटतं संपली थंडी. मग तो पुढे सरकतो, आकाश मोकळं होतं, बर्फावरून आलेले कोरडे वारे खाली उतरतात आणि पारा धाडकन पडतो. थंडीची लाट म्हणतात ती ही. अर्थात हवामान खातं तो शब्द उगाच वापरत नाही, सपाट भागात मिनिमम 10 किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 डिग्री कमी असावं लागतं, किंवा सरळ 4 वर किंवा त्याखाली गेलेलं. किनाऱ्यावर 15 ची अट आहे, म्हणून मुंबईकरांनी 17 ला स्वेटर चढवला तरी ती लाट नव्हे.

खरी डोकेदुखी धुक्याची. झंजावाताच्या पावसाने जमीन ओली, आकाश स्वच्छ, वारा पडलेला, एवढं जमलं की पंजाबपासून बिहारपर्यंत धुकं बसतं, आणि वाऱ्याचा वेग जरासा इकडेतिकडे झाला तरी अंदाज फसतो. याच्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2015 पासून दिल्ली एअरपोर्टवर खास मोजमाप सुरू केलं. 50 मीटरच्या पुढचंही दिसत नसेल तर अति दाट धुकं. दिवसभर ऊनच खाली पोचलं नाही तर दुपारही गारठते, आणि मला विचाराल तर पहाटेच्या 4 डिग्रीपेक्षा ती जास्त छळते.

आपल्याकडे महाराष्ट्रात उत्तरेचे वारे वाहिले तरच ती थंडी खाली येते, सगळ्यात आधी निफाड, नाशिक, जळगावकडे. निफाडला पारा पाच-सहावर आला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप चालू करतात, नाहीतर मण्यांची फुगवण थांबते, तडे जायची भीती. पण बंगालच्या उपसागरावरून दमट वारं शिरलं की एक-दोन रात्रीत थंडी गायब, ढगाळ वातावरण, आणि शेकोट्या विझवून तेच लोक भुरी या बुरशीच्या रोगावरच्या फवारणीला लागतात.