स्नोमोबाईलची बेअरिंगं आणि बडोदा: यामागची थोडी पार्श्वभूमी

बडोद्यात बसून बर्फावरच्या गाड्यांची बेअरिंगं विकतो असं सांगितलं की लोक हसतात, आणि हसणारच म्हणा, इथे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो आणि बर्फ आपण बघतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण गिऱ्हाईक खरं आहे. गुलमर्गला टुरिस्टना फिरवणारे स्नोमोबाईलवाले, मनालीजवळच्या सोलंगकडचे स्नो-स्कूटरवाले, यांच्या गाड्या डिसेंबर ते मार्च मरेस्तोवर पळतात आणि मग बंद पडून राहतात, आणि बेअरिंग जास्त करून पडून असतानाच खराब होतं. मशीन तिकडचं, बर्फ तिकडचा, आणि बेअरिंग बडोद्याचं, हे कसं जुळलं ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

बर्फावर चालणारी मोटर गाडी हा प्रकार सुरुवातीला मजेचा नव्हताच. कॅनडातल्या क्वेबेकमधे वॅलकूर नावाच्या गावचा जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए, गॅरेज चालवणारा माणूस, 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून गेला, कारण रस्ते बर्फाने बंद आणि दवाखान्यात न्यायला काही साधन नाही. याची स्वतःची बर्फगाडी तेव्हा अर्धवट होती. पुढे 1937 मधे त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि सात माणसं बसतील अशी बर्फावरची बस काढली, जी डॉक्टर, टपालवाले, शाळा असे लोक घ्यायचे. त्याच्या आधी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे कार्ल एलियासनने 1924 मधे मोटर लावलेली घसरगाडी केली होती, पण ती बऱ्यापैकी हाताने बनवायची चीज.

मग 1948 मधे क्वेबेक सरकारने कायदा केला की खेड्यापाड्यातले रस्ते पण हिवाळ्यात साफ ठेवायचे, आणि झालं, बॉम्बार्डिएच्या मोठ्या बर्फगाड्यांचं गिऱ्हाईकच तुटलं. रस्ते मोकळे झाले तर बस कोण घेणार? तो खाणी आणि जंगलातल्या कामाच्या मशीनींकडे वळला आणि 1959 मधे एकट्यादुकट्या माणसाची छोटी स्की-डू काढली. तिकडे मिनेसोटात रोझो गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात पोलारिसचं पहिलं मशीन 1955-56 च्या सुमारास तयार झालेलं, त्यातलेच एडगर हेटीन 1960 नंतर बाहेर पडून आर्क्टिक कॅट सुरू करतात, 1968 मधे यामाहा उतरते. आणि मग जी लाट आली ती वेडीच होती, 1971 च्या आसपास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास 5 लाख मशीनी विकल्या जात होत्या आणि बनवणाऱ्या कंपन्या शंभराच्या वर, म्हणजे ज्याच्याकडे शेड आणि वेल्डिंग मशीन तो कारखानदार. 1973 ला तेलाचा भाव भडकला, दोन-तीन हिवाळ्यांत बर्फही कमी पडला असं जुने लोक सांगतात, आणि यातल्या बहुतेक कंपन्या गेल्या.

आता माझ्या मते बेअरिंगच्या स्पेअरचा धंदा खरा इथून सुरू होतो. कंपनी बुडाली तरी गाडी गिऱ्हाईकाच्या शेडमधे उभीच असते ना, तिचं हूड मिळत नाही, पट्टा मिळत नाही, चेनकेस म्हणजे साखळीचा डबा मिळत नाही, पण बेअरिंग मिळतं, कारण शंभर कंपन्यांनी बेअरिंग स्वतः बनवलेलंच नव्हतं, सगळ्यांनी बाजारातून घेतलेलं आणि आपल्या पार्ट नंबरच्या पिशवीत घालून दिलेलं. पिशवी फाडली की कड्यावर 6205 छापलेलं. 6205 म्हणजे आतलं भोक 25 मिमी, बाहेरचं माप 52, जाडी 15, जगात कुठेही, कोणत्याही कंपनीचं. ही बाहेरची मापं आयएसओ 15 या आंतरराष्ट्रीय मानकात बांधलेली आहेत. हे एक नसतं तर या धंद्यात आमच्यासारख्याला जागाच नव्हती.

बडोद्याचा भाग आता. 1883 मधे जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रिड्रिश फिशरने बेअरिंगमधले एकसारखे गोल छर्रे घासणारं मशीन केलं, त्याच गावची एफएजी ही बेअरिंग कंपनी, आणि त्या एफएजीच्या सहकार्याने 1962 साली जी भारतीय कंपनी उभी राहिली तिचा कारखाना आपल्या माणेजाला. आता पाटीवर शेफलर आहे, 2017 पासून. कामगार कुठून मिळाले म्हणाल तर सयाजीराव महाराजांनी 1890 मधे कलाभवन काढलं होतं, लेथ, सुतारकाम, रंगकाम शिकवणारं, त्या तालमीतून तयार झालेलं कारागिरांचं गाव हे, पुढे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमधे ते मिसळलं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत दर दुसऱ्या गाळ्यात कुणीतरी बेअरिंग बसवतंय नाहीतर काढतंय. त्यामुळे काउंटरवर उभ्या पोराला पण 2आरएस आणि झेडझेड यातला फरक विचारावा लागत नाही, रबरी सील का पत्र्याचं झाकण एवढंच तर आहे.

स्नोमोबाईलमधे बेअरिंग जातं कुठे? पट्ट्याच्या आत छोटी छोटी चाकं असतात, आयडलर व्हील, त्यात सगळ्यात जास्त. साधारण 135 मिमीचं चाक धरा, गाडी ताशी 100 किमीला गेली की ते चाक मिनिटाला 3900 च्या वर फेरे मारतं, आणि तेही बर्फाच्या भुग्यात बुडून. शिवाय पट्टा फिरवणाऱ्या दांड्याची म्हणजे ड्राइव्ह शाफ्टची, इंजिनाची ताकद तिथवर नेणाऱ्या मधल्या दांड्याची म्हणजे जॅकशाफ्टची, चेनकेसची, आणि टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची. आयडलरचं बेअरिंग मरतं कसं ते बघण्यासारखं आहे: पळताना गरम होतं, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते, मग गाडी ओल्या बर्फात थांबते, कडं झटकन थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. हे पाणी सीझनभर काही करत नाही. उन्हाळ्यात गाडी शेडमधे उभी, त्या बंद महिन्यांत छर्रे जिथे टेकलेले तिथे रेसवर, म्हणजे कड्यातल्या छर्ऱ्यांच्या खाचेवर, तपकिरी डाग पडतात, छर्ऱ्यांच्याच अंतराने, एकसारखे. पुढच्या डिसेंबरला चाक हाताने फिरवलं की खर्रखर्र. असलं बेअरिंग कापून बघितलं की ग्रीस दुधाळ चहासारखं झालेलं असतं.

म्हणून या मालात नंबरापेक्षा सील आणि ग्रीसवर जास्त बोलावं लागतं. स्वस्तातलं साधं ग्रीस उणे वीस-तीसच्या खाली घट्ट होत जातं, चाक फिरायच्या ऐवजी पट्ट्यावर घासत राहतं आणि रबर एका बाजूने झिजतं. क्रँकसाठी सी-3 मागतात, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं, कारण इंजिन तापलं की आतलं कडं फुगतं. ते सी-3 आयडलरला लावू नये असं नाही, पण उगाच कशाला.

आणि एक भानगड. जुन्या अमेरिकन मशीनींत काही ठिकाणी बाहेरून 6204 सारखंच दिसणारं, 47 बाय 14 चं, पण भोक मात्र पाऊण इंचाचं, म्हणजे 19.05 मिमी. 6204 चं भोक 20. गुलमर्गहून एकाचा फोन आला होता, "भाईसाब, 6204 डाला, नया है, फिर भी हिलता है", मग व्हर्नियरने शाफ्ट मापून सांगा म्हटल्यावर उत्तर आलं एकोणीस आणि थोडं. त्याने लोकल दुकानातून घेतलेलं बेअरिंग कुठल्याच अर्थाने खोटं नव्हतं, फक्त 0.95 मिमी ढिलं होतं, आणि एवढ्यात चाक शाफ्ट खाऊन टाकतं. तेव्हापासून आमच्या काउंटरवर सरळ विचारतात, "दादा, शाफ्टचं माप घेतलंय ने?" नंबर नंतर. पाऊण इंची माल इथे रोजचा नाही, मागवून ठेवावा लागतो, आणि सीझन सुरू झाल्यावर मागवला तर उपयोग नाही, ट्रान्सपोर्टला काश्मीरपर्यंत लागणारा वेळ आणि मधे बंद पडणारा हायवे धरून सप्टेंबरलाच बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) निघालेली बरी.

तिकडे अमेरिका-कॅनडात या सगळ्याचे किट मिळतात, एका मॉडेलच्या सगळ्या आयडलरची बेअरिंगं, सर्कलिप सकट एका डब्यात. आपल्याकडे मोजक्या गाड्यांसाठी किट करणं परवडत नाही, सुटाच माल जातो, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईकाला तोच स्वस्त पडतो.

2023 मधे यामाहाने स्नोमोबाईलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत 2025 चं मॉडेल शेवटचं. त्यांच्या गाड्या वापरणाऱ्यांची काळजी आहे ती इंजिनाचे आणि क्लचचे पार्ट किती वर्षं मिळतील याची, बेअरिंगचा नंबर कड्यावर आहेच, आणि पुसला गेला असेल तर भोक, बाहेरचं माप आणि जाडी मापून फोटो पाठवला तरी काम होतं.