जाड ट्यूब, बारीक ट्यूब आणि पट्टीतला चोक

सांगलीत जुन्या दुकानाचं वायरिंग बदलायला घेतलं, की ट्यूबलाईटच्या पट्टीच्या आत हमखास तांब्याचा चोक निघतो. विटेच्या तुकड्यासारखा जड, कडेला डांबराचा वाळलेला ओघळ. मालक ट्यूबबद्दल विचारतो, भंगारवाला मात्र आधी चोक मागतो. मला भंगारवाल्याचंच बरोबर वाटतं. ट्यूबच्या प्रकारांची सगळी भानगड त्या चोकापासून सुरू होते.

पाऱ्याच्या वाफेतून एकदा वीज वाहू लागली की ती वाढतच जाते. तिला आवरायला कोणी नसेल तर ट्यूब क्षणात जाते. चोक तिला आवरतो. वाफेतून निघणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, काचेच्या आतली पांढरी पावडर त्यांचा उजेड करते. अमेरिकेत पीटर कूपर ह्यूइट यांनी 1901 मध्ये पेटंट घेतलेल्या पाऱ्याच्या दिव्यात ही पावडर नव्हती, त्यामुळे त्या निळसर-हिरव्या उजेडात माणसाचं तोंड प्रेतासारखं दिसे. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1926 मध्ये पावडर लावलेल्या दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जनरल इलेक्ट्रिकने 1938 मध्ये ट्यूब विकायला काढली.

आपल्याकडे घरोघरी आली ती जाड ट्यूब, टी-12. यातला आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग: बारा म्हणजे दीड इंच, आठ म्हणजे एक इंच, पाच म्हणजे जेमतेम 16 मिलिमीटर. चार फुटी जाड ट्यूब 40 वॅटची, बारीक, म्हणजे टी-8, 36 ची. बारीक ट्यूब जुन्याच पट्टीत, जुन्याच चोकवर बसायची, म्हणून ती खपली. पण तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खायचा. तो हिशोब ट्यूबच्या खोक्यावर कुठे लिहिलेला नसे.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बारीक ट्यूब जास्त रुसायची. स्टार्टरमधली धातूची बारीक पात तापून वाकते, चिकटते, निवली की सुटते, आणि ती सुटताना चोक जो झटका देतो त्याने ट्यूब पेटते. झटका कमी पडला की पुन्हा तेच. उशिरा समजणाऱ्याला आपण 'ट्यूबलाईट' म्हणतो ते यावरूनच. इलेक्ट्रॉनिक चोकने लुकलुक, गुणगुण आणि स्टार्टर, तिन्ही घालवले. कारखान्यात त्याचा फायदा आणखी मोठा. साध्या चोकवर उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि एखाद्या वेगाला लेथचा फिरता चक, म्हणजे काम पकडणारा भाग, थांबल्यासारखा दिसतो. म्हणून कुपवाड एमआयडीसीत लेथ असलेल्या शेडमध्ये पट्ट्या तीन फेजांवर वाटून लावायचो, म्हणजे सगळ्यांचा उजेड एकाच वेळी कमी होत नसे.

दुकानदाराची तक्रार वेगळी, रंगाची. जुन्या पावडरीत लाल रंग फिका पडतो. साडी दारापर्यंत नेऊन उन्हात बघणारं गिऱ्हाईक उगाच चिकित्सा करत नव्हतं. 1970 च्या दशकात तीन रंगांची नवी पावडर आली, तिला ट्रायफॉस्फर म्हणतात. ती महाग, पण कापड, सराफी आणि तासगावच्या बेदाण्यासारखा रंगावर भाव ठरणारा माल जिथे असेल तिथे मी दुसरी लावू देत नसे. गोडाऊनला जुनी चालते.

टी-5 आली 1990 च्या दशकात. 28 वॅट, पण लांबी 1149 मिलिमीटर, जुन्या चार फुटीपेक्षा आखूड, म्हणून जुन्या पट्टीत बसत नाही आणि इलेक्ट्रॉनिक चोकशिवाय चालत नाही. तिचा उजेड सर्वात जास्त पडतो तो भोवती 35 अंश असताना. बंद फिटिंगमध्ये, सांगलीच्या उन्हाळ्यात ती खुशीत असते. महाबळेश्वरच्या जानेवारीत उघड्या व्हरांड्यात लावली तर मंदावते.

घरात खरा घोळ केला सीएफएलने. फिलिप्सने 1980 मध्ये आणलेला हा दिवा म्हणजे दुमडलेली ट्यूब, चोक बुडातच बसवलेला. बल्बच्या होल्डरला लागतो म्हणून लोकांनी तो संडास-बाथरूमलाही लावला. प्रत्येक खटक्याला ट्यूबच्या टोकांतल्या तारेवरचा लेप थोडा उडतो, टोकं काळी पडतात ती त्यामुळेच. खोक्यावरचे आयुष्याचे तास मोजतात ते दिवा पावणेतीन तास चालू, पाव तास बंद अशा फेऱ्यांवर. दिवसभर पेटलेला दुकानातला दिवा ते तास गाठतो, बाथरूममधला कुठून गाठणार? वर हवा न खेळणाऱ्या छताच्या खाचेत बसवला की बुडातला चोक उकडून जातो.

2015 मध्ये केंद्राच्या उजाला योजनेतून एलईडी स्वस्तात मिळू लागले. आता पारा असलेल्या या दिव्यांना मिनामाता कराराने, म्हणजे पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने, मुदत घातली आहे. सरळ ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 च्या अखेरीपर्यंत थांबायची आहे. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक काढून वायर सरळ जोडतो. स्टार्टरचं भोक तसंच रिकामं राहतं, आणि पुढच्या खेपेपर्यंत त्यात कोळ्याने जाळं केलेलं असतं.