हायनर ब्रांट : मिशीमागची तीस वर्षे

४ फेब्रुवारी २००७ रोजी कोलोनमध्ये पोलंडला २९-२४ असे हरवून जर्मनी हँडबॉलचा जगज्जेता झाला, तेव्हा व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या खेळाडूंनी ओठांवर खोट्या झुपकेदार मिश्या चिकटवल्या होत्या. तो प्रशिक्षक हायनर ब्रांट यांना केलेला मुजरा होता. दूरचित्रवाणीवर दीड कोटीहून अधिक जर्मनांनी हा सामना पाहिला. मात्र त्या मिशीची ओळख देशाला बरीच जुनी होती.

ब्रांट यांचा जन्म १९५२ चा, कोलोनच्या पूर्वेकडील गुमर्सबाख या जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावातला. जर्मनीत हँडबॉल हा महानगरांपेक्षा अशा गावांनीच जास्त जपला, आणि इथल्या क्लबने तर १९६७ ते १९८३ या काळात युरोपीय विजेत्यांचा चषक पाच वेळा घरी आणला. ब्रांट आपल्या दोन भावांप्रमाणेच या गावच्या संघाकडून खेळले. ते गोलांचा पाऊस पाडणारे नव्हते. त्यांची जागा बचावाच्या मध्यभागी होती. प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवायचे, शेजाऱ्याला ओरडून जागेवर आणायचे, असे ते काम गुणफलकावर दिसत नाही. पुढच्या प्रशिक्षकाची तयारी माझ्या मते तिथेच झाली.

१९७८ साली कोपनहेगनमध्ये सोव्हिएत संघाला २०-१९ असे नमवून पश्चिम जर्मनी जगज्जेता झाला, त्या संघात ब्रांट होते. वर्षभरातच, मार्च १९७९ मध्ये, हंगेरीतील सामन्यात त्यांचे क्लबमधले सहकारी योआखिम डेकार्म डोक्यावर आपटले आणि १३१ दिवस बेशुद्ध राहिले. जुन्या सोबत्यांनी त्यांना पुढे कधी अंतर दिले नाही, आणि या निष्ठेमुळेही त्या पिढीविषयी लोकांच्या मनात आपुलकी टिकली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार टाकल्याने ती संधीही हुकली.

१९९७ मध्ये ब्रांट राष्ट्रीय प्रशिक्षक झाले, तेव्हा जर्मनीला त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेची पात्रताही गाठता आली नव्हती. तिथून २००२ चे युरोपीय व २००३ चे जागतिक उपविजेतेपद, २००४ मध्ये युरोपीय सुवर्ण आणि अथेन्सचे ऑलिंपिक रौप्य असा चढ होता. २००७ च्या स्पर्धेत एक खेळाडू जखमी होताच त्यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेल्या, सदतिशीतल्या क्रिस्टियान श्वार्त्सर यांना मध्येच बोलावले. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध जादा वेळ दोनदा खेळावा लागला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी जगज्जेते ठरलेले ब्रांट पहिलेच.

त्यानंतर मात्र उतार लागला. बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील श्रीमंत क्लब परदेशी खेळाडूंवर भिस्त ठेवतात आणि तरुण जर्मनांना बाकावर बसवतात, ही त्यांची तक्रार जुनीच होती. क्लबांना ती रुचत नसे. २०११ च्या जानेवारीत स्वीडनमधील जागतिक स्पर्धेत जर्मनी अकराव्या स्थानी घसरला आणि त्याच वर्षी ब्रांट यांनी पद सोडले.