जुनी रॅम कोणत्या बोर्डावर चालते? पार्श्वभूमी

2025 च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डेटा सेंटरची मागणी अफाट वाढली होती आणि डीडीआर4 या आधीच्या पिढीच्या रॅमचे उत्पादन आवरते घेण्याची तयारी कंपन्यांनी त्याआधीच सुरू केली होती. त्यामुळे कपाटात पडलेल्या रॅमच्या जुन्या स्टिकना (पट्ट्यांना) पुन्हा भाव आला. त्या स्टिकसाठी मदरबोर्ड, म्हणजे बोर्ड, निवडताना मात्र खरी चौकशी करायची ती प्रोसेसरची.

पूर्वी तसे नव्हते. रॅमशी बोलणारा भाग म्हणजे मेमरी कंट्रोलर. तो बोर्डावरच्या चिपसेट नावाच्या चिपमध्ये असे, म्हणून कोणती रॅम चालेल हे बोर्डच ठरवत असे. एकाच प्रोसेसरसाठी जी41 चिपसेटचे बोर्ड डीडीआर2 चेही मिळत आणि डीडीआर3 चेही. काही बोर्डांवर दोन्ही जातींचे स्लॉट शेजारी शेजारी असत, पण एका वेळी एकच जात लावता येई. 2003 मध्ये एएमडीच्या ॲथलॉन 64 बरोबर कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला, प्रतिस्पर्धी इंटेलने 2008 मध्ये तेच केले.

गुंता झाला तो 2015 साली, इंटेलच्या प्रोसेसरांची सहावी पिढी, स्कायलेक, आली तेव्हा. या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत रॅमचे दोनच प्रकार होते: 1.2 व्होल्टची डीडीआर4 आणि 1.35 व्होल्टची डीडीआर3एल. घरोघरी असलेली साधी 1.5 व्होल्टची डीडीआर3 त्यात नव्हती, आणि गेमिंगसाठी घेतलेली 1.65 व्होल्टची तर नव्हतीच. तरीही बोर्ड बनवणाऱ्यांनी डीडीआर3 स्लॉटचे बोर्ड बाजारात आणले आणि काहींनी 1.5 व 1.65 व्होल्टच्या स्टिकही चालतात असे सांगितले. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलचे म्हणणे वेगळे होते. 1.35 व्होल्टच्या वर गेल्यास प्रोसेसरला इजा होऊ शकते किंवा त्याचे आयुष्य घटू शकते, असे तिने सांगितले.

दोघांच्या ओढाताणीत ग्राहक अडकला, कारण त्याला अडवणारे काहीच नव्हते. डीडीआर4 ची स्टिक डीडीआर3 च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, दोघींची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर3 आणि डीडीआर3एल या मात्र दिसायला जुळ्या बहिणी: पिना 240, खाच त्याच जागी. दोन्ही स्टिक हातात घेतल्या तर फरक फक्त स्टिकरवर सापडतो. एकीवर पीसी3-12800 असते, दुसरीवर पीसी3एल-12800. त्या एका ‘एल’वर सगळे अवलंबून आहे. शिवाय हा नियम एकतर्फी आहे. ‘एल’वाली स्टिक 1.5 व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या बोर्डांना ती सहसा चालते. साध्या स्टिकला 1.35 व्होल्ट पुरतीलच याची हमी नाही.

इथे ‘सपोर्ट’ या शब्दाने फार घोळ घातला आहे. स्टिक स्लॉटमध्ये बसली तरी सपोर्ट, पीसी सुरू झाला तरी सपोर्ट, आणि प्रोसेसरच्या कंपनीने तपासून यादीत घातली तरी सपोर्टच. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डाच्या खोक्यावर यातला कोणता अर्थ आहे हे लिहायला हवे होते. आज सुरू झालेला पीसी तीन वर्षांनीही सुरू राहील, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सातव्या पिढीने डीडीआर3एल टिकवली. आठव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी ती यादीतून काढली.

पुढे 2021 मध्ये इंटेलचे एलजीए 1700 सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) आले आणि एकच प्रोसेसर पुन्हा दोन जातींची रॅम घेऊ लागला, डीडीआर4 आणि डीडीआर5. या वेळी तसा घोळ झाला नाही. दोन्हींच्या पिना 288 असल्या तरी खाच वेगळी आहे, आणि पुष्कळ डीडीआर4 बोर्डांच्या नावातच ‘डी4’ असते. त्यानंतर मात्र दार बंद झाले. एएमडीचे 2022 चे एएम5 आणि इंटेलचे 2024 चे एलजीए 1851, ही दोन्ही सॉकेट फक्त डीडीआर5 घेतात. म्हणून डीडीआर4 बाळगून असलेल्यांना सध्या एएमडीचे आधीचे सॉकेट एएम4 नाहीतर एलजीए 1700 हेच त्यातल्या त्यात नवे पर्याय आहेत.

डीडीआर3 वाल्यांनी आधी स्टिकर वाचावा. ‘एल’ असेल तर सहाव्या किंवा सातव्या पिढीसाठी डीडीआर3एल स्लॉटचा एच110 चिपसेटचा बोर्ड शोधता येईल. स्टिक साधी 1.5 व्होल्टची असेल तर चौथ्या पिढीचा एच81 किंवा बी85 बोर्ड घ्यावा. तिथे 1.5 व्होल्ट अधिकृत आहे.