डोळ्यातल्या मलमाची चिकाटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप फिरत होता. डोळे आले असतील तर रात्री अँटिबायोटिकचं मलम घाला, सकाळी डोळे स्वच्छ. आले नसतील तर आधीपासूनच घालून ठेवा. खाली सतरा अंगठे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात फ्रिजच्या दारातून काढलेली, शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत चपटी झालेली ट्यूब.

"तू फार्मसी शिकलास ना? मागच्या वर्षी नातवाला आणली होती. चालेल का रे?"

चालणार नव्हती. का नाही, ते सांगण्यात अर्धा तास गेला आणि त्यातलं निम्मंच काकूंना पटलं. उरलेलं निम्मं इथे लिहितोय.

मुंबईत पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते ती बहुतेक वेळा विषाणूंची असते. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर शाळांमधून आणि घराघरांतून डोळे आले, ती साथही विषाणूचीच. याहून गाजलेली साथ १९७१ची. कोलकात्यात लोकांनी तिचं नावच 'जय बांगला' ठेवलं होतं. तिच्यामागचा एन्टरोव्हायरस ७० हा विषाणू दोन वर्षं आधी घानामध्ये पहिल्यांदा दिसला, तोही अपोलो ११ चंद्रावर उतरलं त्या सुमारास, म्हणून तिथले लोक या दुखण्याला अपोलोच म्हणत. ही साथ मुंबईतही आली. इथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की काही रुग्णांचे डोळे बरे होतात आणि मग पाय लुळे पडतात. त्यांनी हे १९७२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. डोळे येणं म्हणजे चार दिवसांची सुट्टी, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण का चालत नाही हे कुणी सांगत नाही. जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला भिंत असते, प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात, सगळा संसार स्वतःचा. क्लोरॅम्फेनिकॉलसारखं, डोळ्यात घालायचं अँटिबायोटिक त्या रायबोसोमला नेमक्या जागी चिकटतं आणि अमिनो आम्लांची साखळी पुढे जोडू देत नाही. आपल्या पेशीतले रायबोसोम घडणीने वेगळे असल्यामुळे ते सहसा वाचतात. विषाणूकडे मुळात रायबोसोमच नाही, तो आपल्याच पेशीतले वापरतो. म्हणजे औषधाला धरायला काही उरतच नाही. डोळा आठवड्याभरात बरा होतो, मलम श्रेय घेऊन जातं.

आणि हो, डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिल्याने आपले डोळे येत नाहीत. साथ नजरेने पसरत नाही, ती हातांनी पसरते. डोळा चोळलेला हात लोकलच्या दांड्याला लागतो, तिथून दुसऱ्याच्या हाताला, तिथून त्याच्या डोळ्याला. एकच टॉवेल, एकच उशी, एकच काजळाची डबी. काळ्या गॉगलने लोकांना नव्हे, स्वतःलाच आराम पडतो, कारण उजेड टोचत नाही.

जिवाणूंमुळे आलेले डोळे साधारण वेगळे दिसतात. घट्ट पिवळसर किंवा हिरवट पू, सकाळी पापण्या इतक्या चिकटलेल्या की कोमट पाण्याचा बोळा लावल्याशिवाय उघडत नाहीत. विषाणूंच्या साथीत पाणी जास्त वाहतं. पण हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. नुसतं पाहून डॉक्टरांचाही अंदाज चुकू शकतो. शिवाय जिवाणूंचा सौम्य संसर्गही बरेचदा आपोआप बरा होतो, मलमाने तो थोडा लवकर आटोपतो. पू येत असेल आणि डॉक्टरांनी मलम लिहून दिलं असेल, तर मात्र ते कसं काम करतं हे पाहण्यासारखं आहे. माझ्या मते औषधनिर्माणातली ही सर्वांत सुबक गोष्टींपैकी एक. आता थोडं गणित येणार आहे, ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

डोळा म्हणजे सतत वाहत्या नळाखालची बशी समजा. वर बाहेरच्या अंगाला अश्रुग्रंथी, ती पाणी सोडते. आत नाकाच्या बाजूला पापण्यांच्या काठांवर दोन बारीक भोकं. आरशाजवळ जाऊन खालची पापणी किंचित ओढलीत तर खालचं भोक दिसेलही. तिथून नळी अश्रुपिशवीत आणि पिशवीतून नाकात जाते. रडलं की नाक वाहतं आणि डोळ्यात औषध घातलं की थोड्या वेळाने घशात कडू लागतं, ते यामुळेच. दर वेळी पापणी मिटली की ती पिशवी दाबली जाऊन सुटते, म्हणजे पापणी हा पंपाचा दांडा. मिनिटाला पंधराएक वेळा तो हलतो. मुंबईतल्या कुठल्याही नाल्यापेक्षा ही व्यवस्था चोख आहे.

या बशीत एका वेळी पाणी किती असतं? सुमारे ७ घन मिलिमीटर. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० घन मिलिमीटरचा. खालच्या पापणीच्या खोबणीत सगळं मिळून जेमतेम ३० मावतात. म्हणजे एका थेंबातला बराचसा भाग तिथल्या तिथे गालावर ओघळतो. दोन थेंब घालणारे लोक दुसरा थेंब रुमालाला पाजतात. उरलेल्यातलं सुमारे १६ टक्के द्रव दर मिनिटाला नव्या अश्रूंनी बदललं जातं. चार मिनिटांत औषध निम्मं, आठ मिनिटांत पाव, वीस मिनिटांत तीन टक्के. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब अर्धा टक्क्याचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५००० मायक्रोग्रॅम. अश्रूंत मिसळून ४००० धरू. औषधाला दाद देणाऱ्या जिवाणूची वाढ थांबवायला ८च्या आसपास लागतात, असं धरा. ४०००चं ८ व्हायला साधारण नऊ वेळा निम्मं व्हावं लागतं. नऊ चोक छत्तीस. छत्तीस मिनिटांनी अश्रूंतलं औषध संपल्यात जमा. खरं तर त्याआधीच, कारण थेंब पडल्या पडल्या डोळा चुरचुरून जास्त पाणी सोडतो आणि पापणी भराभर लवते. थोडं औषध पेशींत मुरतं, ते जरा जास्त टिकतं. पण सुरुवातीला दर दोन तासांनी थेंब घाला असं का सांगतात, ते या हिशेबातून कळावं.

आता त्याच औषधाचं मलम घ्या. मलमात औषध विरघळलेलं नसतं, त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक स्निग्ध पदार्थात रुतलेले असतात. किती सूक्ष्म? २५ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण मोजकेच चालतात आणि ९०पेक्षा मोठा एकही नाही, असा दंडक आहे. नाहीतर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होईल. हा स्निग्ध गोळा खालच्या पापणीच्या खोबणीत बसतो, अंगाच्या उबेने मऊ होतो, पण पाण्यात मिसळत नाही. अश्रू त्याच्यावरून वाहून जातात, त्याला वाहून नेत नाहीत. वाहता वाहता पृष्ठभागावर आलेले स्फटिक तेवढे विरघळवतात. पापणी लवली की गोळा थोडा मळला जातो, पुरणासारखा, आणि आतले नवे स्फटिक वर येतात. थेंबाच्या बाबतीत औषध बाहेर फेकणारी पापणी इथे औषध हप्त्याहप्त्याने बाहेर काढून देते. तीच हालचाल, परिणाम उलटा. शिकताना हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी त्या दिवशी वर्गात दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

म्हणून थेंब दर दोन तासांनी, तर मलम दिवसातून तीन-चार वेळा पुरतं. दिवसा थेंब घालणाऱ्याला फक्त रात्री मलम देतात, त्यामागेही हेच आहे. झोपेत अश्रू जवळजवळ थांबतात, पंप बंद असतो, आणि मलमाने अंधुक दिसलं तरी झोपलेल्या माणसाचं काही बिघडत नाही.

हा स्निग्ध पदार्थ कुठला, तर साधा व्हॅसलिनच्या घराण्यातला. आम्ही कॉलेजात डोळ्याच्या मलमाचा पाया करायचो: पिवळं मऊ पॅराफिन ८० भाग, पातळ पॅराफिन १० आणि लोकरीतलं मेण १०. पांढरं पॅराफिन दिसायला छान, पण ते पांढरं करताना वापरलेल्या रसायनांचा अंश राहिला तर डोळा झोंबतो, म्हणून पिवळं. ते वितळवून गाळायचं आणि मग निर्जंतुक करायचं. तेही वाफेने नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरसारखी वाफेची भट्टी जिवाणू मारते ती ओलाव्याच्या जोरावर, आणि तेलकट पदार्थात ओलावा शिरत नाही. म्हणून १६० अंशांच्या कोरड्या भट्टीत तासभर किंवा जास्त. अँटिबायोटिक हा ताप सोसणार नाही, म्हणून ते आधीच निर्जंतुक केलेली भुकटी म्हणून नंतर, स्वच्छ खोलीत मिसळायचं. त्वचेवरचं मलम डोळ्यात का घालायचं नाही, याचं उत्तर या खटाटोपात आहे. नाव एकच असलं तरी त्वचेच्या ट्यूबने हा प्रवास केलेला नसतो.

पाणी नसण्याचा आणखी एक फायदा. क्लोरॅम्फेनिकॉल पाण्यात हळूहळू विघटित होतं, म्हणून त्याचे थेंब फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. मलमात पाणीच नाही, ते बाहेर ठेवलं तरी टिकतं. काकूंनी वर्षभर ट्यूब फ्रिजमध्ये जपली होती ती उगाच. बाहेर ठेवली असती तरी चाललं असतं, आणि दोन्हीकडे ती आता टाकायचीच होती. उघडलेली ट्यूब चार आठवड्यांनी टाकतात, कारण तिचं तोंड एव्हाना कुणाच्या तरी पापणीला, बोटाला लागलेलं असतं. डोळ्यात घालायची वस्तू दूषित झाली तर काय होतं, ते २०२३मध्ये अमेरिकेने पाहिलं. कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास जिवाणू पसरला. ८१ जणांना संसर्ग झाला, त्यांतल्या १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघे दगावले.

गिरगावातल्या चाळीत आमच्या लहानपणी ही पंचाईत नव्हती. तेव्हा ट्यूबऐवजी अ‍ॅप्लिकॅप असत, क्लोरोमायसेटिनच्या, म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलच्याच. लांबट मानेची मऊ कॅप्सूल, आई कात्रीने टोक कापून डोळ्यात पिळायची आणि कवच फेकून द्यायची. एका वेळेला एक, उष्टं राहायचा प्रश्नच नाही. हे औषध १९४७मध्ये व्हेनेझुएलातल्या कराकसजवळच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं, आणि दोनच वर्षांत मिल्ड्रेड रेबस्टॉक या संशोधिकेने ते प्रयोगशाळेत घडवून दाखवलं. विषमज्वरावर ते हुकमी होतं. पोटात घेतल्यावर क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेला कायमचा दगा देतं हे कळल्यावर मागे पडलं, आणि मुख्यतः डोळ्यापुरतं उरलं.

मलमाचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र खुपऱ्यांवरचा. क्लॅमिडिया जातीच्या जिवाणूने पापणीच्या आतून व्रण पडत जातात, पापणी आत वळते, केस बुबुळावर घासत राहतात आणि माणूस आंधळा होतो. आपल्याकडे १९६३मध्ये यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एक टक्का टेट्रासायक्लिनचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि जोडीला स्वच्छ पाणी. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचं जाहीर केलं. त्या बातमीला आमच्या ग्रुपवर एकही अंगठा आला नाही.

केमिस्टकडे 'डोळे आलेत, काहीतरी द्या' म्हणणाऱ्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. अनेक थेंबांत आणि मलमांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. त्याने लाली एका दिवसात उतरते, म्हणून औषध जालीम वाटतं. पण बुबुळावर नागिणीच्या भावकीतल्या हर्पीस विषाणूचा किंवा बुरशीचा व्रण असेल, तर स्टेरॉइडने तो आत आत पसरतो. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं कमी झालं असेल, किंवा तुम्ही काँटॅक्ट लेन्स वापरत असाल, तर केमिस्ट नको, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. गुलाबपाणी, मध, तूप, अंगावरचं दूध हे सगळं स्वयंपाकघरात आणि बाळाच्या पोटात चांगलं आहे.

एवढं ऐकून काकूंनी गॉगल काढला. डोळे आलेच नव्हते. वरच्या पापणीच्या कडेला रांजणवाडी होती, टपोरी. पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेली ग्रंथी तुंबते, तिथे बहुधा स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाढतो आणि पू साठतो. मलम वरून फासून त्या बंद खोलीत फारसं पोचत नाही. तिला लागतो शेक. तळहातावर बोट घासून गरम करायचं आणि पापणीवर ठेवायचं, ही आजीची रीत दिशेने बरोबर होती, फक्त ऊब अपुरी. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल, दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, आणि फोडायची नाही, असं मी सांगितलं.

पाचव्या दिवशी रांजणवाडी आपोआप फुटून बसली. शेकाने, असं मी धरून चाललो होतो. काकू श्रेय खारकेच्या बीला देतात. ती त्या रोज रात्री सहाणेवर उगाळून लावत होत्या, हे मला नंतर काकांकडून कळलं.